पुठ्ठ्याची पाटी आणि पहिली घटनादुरुस्ती

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहराने जानेवारी २०१३ मध्ये दमदाटी करून भीक मागण्यावर बंदी घातली. अंगाला हात लावून पैसे मागायचे नाहीत, वाट अडवायची नाही, नको म्हटल्यावर पाठीमागे जायचं नाही. इथवर कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. पण यादी तिथे थांबली नाही. बँकेच्या किंवा एटीएमच्या दारापासून २० फुटांच्या आत मागायचं नाही. बस थांब्याजवळ नाही, रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे नाही, उपाहारगृहाने बाहेर मांडलेल्या टेबलांजवळ नाही. सूर्यास्तानंतर अर्धा तास उलटला की तोंडाने मागणं कुठेच नाही. म्हणजे डिसेंबरातल्या संध्याकाळी पाच वाजता बस थांब्यावर एखादी म्हातारी शेजारच्याला हळू आवाजात ‘सुटे असतील तर द्या ना’ म्हणाली, तर नियमाच्या लेखी तिने दमदाटी केली असा अर्थ होत होता.

त्याच सुमाराला शहराने आणखी एक नियम केला: रस्ता ओलांडण्यापुरतं सोडून दुभाजकावर किंवा चौकातल्या बेटावर उभं राहायचं नाही. सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्यांना वाचता येईल अशी पुठ्ठ्याची पाटी धरून उभं राहणं हा अमेरिकेतला भीक मागण्याचा नेहमीचा प्रकार, त्यामुळे नियमाचा रोख कुणावर होता हे उघड होतं. मात्र निवडणुकीच्या दिवसांत याच बेटांवर उमेदवारही आपल्या नावाच्या पाट्या घेऊन उभे राहतात. म्हणून शहराविरुद्ध कोर्टात गेलेल्या तिघांमध्ये दोन बेघर माणसं होती आणि तिसरी व्यक्ती चक्क शाळा समितीवर निवडून आलेली सदस्य होती. भिकारी आणि लोकप्रतिनिधी एकाच वकिलामागे उभे राहावेत, हा योग अमेरिकेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या कायद्यातच जुळू शकतो.

भीक मागणं हे ‘बोलणं’ कसं, हा प्रश्न आपल्याला आधी पडतो. पोटासाठी हात पसरणारा माणूस मत मांडत नसतो, त्याला दोन डॉलर हवे असतात. अमेरिकी न्यायाधीशांनाही हा प्रश्न बरीच वर्षं पडलेला होता, आणि त्याचं उत्तर भिकाऱ्यांच्या खटल्यांतून आलं नाही. ते आलं वर्गणी मागणाऱ्यांच्या खटल्यांतून.

पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची. धर्म, भाषण, वृत्तपत्रं, शांततेने एकत्र जमणं आणि सरकारकडे दाद मागणं, यांना बाधा येईल असा कायदा करू नये, एवढंच ती सांगते. आपल्या घटनेत कलम १९ च्या पहिल्या उपकलमात स्वातंत्र्य दिलं की लगेच दुसऱ्यात वाजवी निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतील हे मोजून सांगितलंय. तिथल्या मजकुरात अशी यादीच नाही. अपवाद सगळे न्यायाधीशांनी खटल्यागणिक घडवत नेले, आणि त्यामुळेच तिथे एखाद्या लहान गावाचा क्षुल्लक नियमही सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढू शकतो.

१९४० मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या प्रचारकांनी कनेटिकट राज्याचा कायदा असाच पाडला. धर्मकार्यासाठी दारोदार पैसे मागायचे तर आधी सरकारी अधिकाऱ्याची संमती घ्या, असं तो कायदा म्हणत होता. पुढे १९८० मध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावाचा नियम कोर्टापुढे आला. देणगी मागणाऱ्या संस्थेने जमलेल्या पैशातला ७५ टक्के भाग प्रत्यक्ष सेवाकार्यावर खर्च केला पाहिजे, नाहीतर दारोदार फिरायची परवानगी नाही, अशी त्या गावाची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण सांगितलं ते पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया ठरलं: पैसे मागणं आणि माहिती देणं, पटवून सांगणं ही एकमेकांत गुंतलेली असतात. मागणीचा गळा दाबला की सांगण्याचाही दाबला जातो.

वर्गणी मागणाऱ्यांच्या या खटल्यांत कृष्णभक्तही भेटतात. ‘इस्कॉन’चे भक्त रस्तोरस्ती कीर्तन करत, पुस्तकं विकत आणि देणगी मागत. मिनेसोटा राज्याच्या जत्रेत त्यांना सांगण्यात आलं की विकायचं किंवा मागायचं ते भाड्याने घेतलेल्या स्टॉलवरून, गर्दीत फिरून नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट मान्य केली, कारण ती सगळ्यांना सारखी होती आणि हेतू गर्दी हलती ठेवण्याचा होता. १९९२ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या विमानतळांचं प्रकरण आलं तेव्हा निकाल दुभंगला. विमानतळाच्या इमारतीत पैसे मागण्यावरची बंदी टिकली आणि पत्रकं वाटण्यावरची बंदी त्याच दिवशी पडली. पत्रक घेणारा ते खिशात घालून चालू लागतो, पण पैसे मागितले की त्याला थांबावं लागतं, पाकीट काढावं लागतं, आणि मागून येणारी बॅगांची गर्दी अडते. युक्तिवाद काटेकोर होता, पण विमानतळाला पदपथापेक्षा वेगळं मानल्यामुळेच तो चालला.

पदपथ, बागा आणि चौक यांना या कायद्यात खास स्थान आहे. ज्याच्याकडे वर्तमानपत्र नाही, सभागृह नाही, त्याला बोलायला उरतो तो रस्ता, म्हणून रस्त्यावरच्या बोलण्याला सर्वांत जास्त संरक्षण. हे एकदा गृहीत धरलं की मग अवघड प्रश्न येतोच: संस्थेसाठी मागणाऱ्याला जे मिळतं ते स्वतःसाठी मागणाऱ्याला का नाही?

न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने याला तीन वर्षांच्या अंतराने दोन उत्तरं दिली. १९९० मध्ये भुयारी रेल्वेत भीक मागण्यावरची बंदी त्याने उचलून धरली. डब्यात अडकलेल्या प्रवाशाला बाजूला होता येत नाही, फलाटाला लागून रूळ आहेत, आणि भीक मागणं ही मुळात कृती आहे, बोलणं नव्हे, असा तो निकाल होता. १९९३ मध्ये मात्र लोपर खटल्यात त्याच न्यायालयापुढे राज्याचा जुना कायदा आला. भीक मागण्यासाठी सार्वजनिक जागी रेंगाळणं हा त्यात गुन्हा होता. हा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. संस्थेसाठी मागणारा आणि स्वतःसाठी मागणारा यांच्या सांगण्यात फारसा फरक नाही, असं न्यायाधीशांना वाटलं. ‘मी उपाशी आहे, मला घर नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला शहराविषयी काहीतरी सांगतं, आणि ते ऐकून अस्वस्थ व्हायला होतं म्हणून ते बंद करता येत नाही.

निकाल लागला म्हणजे पोलीस बदलले असं नाही. न्यूयॉर्कचे पोलीस या रद्द झालेल्या कलमाखाली पुढेही वर्षानुवर्षं लोकांना पकडत आणि समन्स देत राहिले. २०१० मध्ये शहरावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला. २०१२ मध्ये हे कलम आणि रेंगाळण्याविषयीची आणखी दोन रद्द कलमं यांखाली झालेल्या सुमारे २२,००० प्रकरणांसाठी शहराने दीड कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. मिशिगनमध्येही असंच. तिथला १९२९ चा भीकबंदी कायदा २०१३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, तेव्हा ग्रँड रॅपिड्स शहरात २००८ ते मे २०११ या काळात त्या कायद्याच्या अंमलबजावणीच्या ४०९ नोंदी सापडल्या. त्यांतल्या कित्येकांनी तोंडातून शब्दही काढला नव्हता. नुसती पाटी धरली होती: थंडी वाजतेय, भूक लागलीय, देव तुमचं भलं करो.

भीक मागणं हेही सांगणंच, हा लोपर खटल्यातला विचार पुढे आपल्याकडेही दिसला. आपला मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा, आणि त्याची व्याख्या वूस्टरच्या नियमापेक्षा कितीतरी लांब जाते. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं, मग ते गाऊन असो, नाचून असो, भविष्य सांगून असो, कसरती दाखवून असो की एखादी वस्तू विकायला पुढे करून असो, सगळं त्यात येतं. वासुदेव, पोतराज, पिंगळा, कुडमुडे जोशी यांची परंपरा शाळेच्या पुस्तकात आपण कौतुकाने शिकवतो आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांना एका वाक्यात आरोपी करून ठेवतो. दमदाटी केली की नाही, हा प्रश्नच तिथे उपस्थित होत नाही. पहिल्यांदा पकडलेल्याला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीला लागू केलेला हाच कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला बहुतांशी रद्द केला, तो समानता आणि जगण्याचा हक्क यांच्या आधारावर. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिथला भीकबंदी कायदा रद्द करताना एक पाऊल पुढे टाकलं: आपली दैना दुसऱ्याला सांगून मदत मागणं हे कलम १९ खालच्या अभिव्यक्तीतही येतं, असं त्याने म्हटलं. दोन्ही निकालांच्या वेळी मुख्य न्यायमूर्तीपदावर गीता मित्तल होत्या, दिल्लीत प्रभारी आणि जम्मू-काश्मीरमध्ये पूर्णवेळ. महाराष्ट्रात मात्र १९५९ चा कायदा शाबूत आहे, आणि तो पुरेसा वाटला नाही म्हणून की काय, नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी मार्च २०२३ मध्ये कलम १४४ खाली चौकाचौकांतल्या भिकेवर बंदी घातली. तेव्हा शहरात जी-२० चे पाहुणे यायचे होते.

पुन्हा अमेरिकेकडे. लोपर निकालानंतर शहरांनी सरसकट बंदीचा नाद सोडला आणि ‘दमदाटी’चा रस्ता धरला. न्यूयॉर्कने १९९६ मध्ये स्वतःचा नियम केला, त्यात एटीएमपासून १० फुटांची रेघ आखली. इंडियानापोलिसने रात्रीची भीक बंद केली आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने ती मान्यही केली. कोर्टाची कसोटी तेव्हा सैल होती. एखाद्या विचाराला विरोध म्हणून नियम केला नसेल आणि तो वेळ, जागा, पद्धत एवढ्यापुरता असेल, तर शहराला बरीच मोकळीक मिळे.

याचं टोक इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्डने गाठलं. लिंकनचं घर, जुनं विधान भवन असलेला शहराचा ऐतिहासिक मध्यभाग क्षेत्रफळाने २ टक्क्यांहूनही कमी, पण बाजार, सरकारी कचेऱ्या, करमणूक सगळं तिथेच. त्या भागात तोंडाने ताबडतोब पैसे मागायचे नाहीत, असा नियम होता. पाटी धरली तर चालेल. ‘नंतर पाठवा’ असं तोंडाने म्हटलं तरी चालेल. ‘आत्ता द्या’ म्हटलं तर दंड. सप्टेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हा नियम योग्य ठरवला. शहर कुठल्याही विचारसरणीच्या बाजूने वा विरुद्ध नाही, मग मजकुरावर बंधन आलं कुठे, असा बहुमताचा सूर होता. वूस्टरचा नियमही त्याच वर्षी जूनमध्ये बॉस्टनच्या अपील न्यायालयात टिकला होता, आणि तो निकाल लिहिणारे होते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले डेव्हिड सूटर.

मग अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावातला एक पाद्री मध्ये आला. त्याचा भिकेशी काडीचाही संबंध नव्हता.

क्लाइड रीड यांच्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. रविवारची प्रार्थना कधी एखाद्या शाळेत, कधी आणखी कुठे. त्यामुळे दर आठवड्याला रस्त्याकडेला पाट्या रोवून पत्ता सांगावा लागे. गावाच्या नियमांत पाट्यांच्या जाती पाडलेल्या होत्या. तत्त्वविचार सांगणारी पाटी २० चौरस फुटांपर्यंत आणि हवा तितका काळ. राजकीय पाटी काही भागांत ३२ चौरस फुटांपर्यंत आणि निवडणुकीच्या आधी दोन महिने. कार्यक्रमाची दिशा दाखवणारी पाटी मात्र ६ चौरस फूट, आधी १२ तास लावायची आणि कार्यक्रम संपल्यावर तासाभरात काढायची. रीड यांच्या पाट्या जास्त वेळ राहिल्या म्हणून त्यांना नोटिसा आल्या. १८ जून २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी निकाल रीड यांच्या बाजूने दिला. कारणांवर मात्र एकमत नव्हतं. सहा जणांच्या वतीने क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिलं की पाटीवर काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय कोणता नियम लागू हे ठरत नसेल, तर तो नियम मजकुरावर आधारलेला आहे. सरकारचा हेतू स्वच्छ असला तरी फरक पडत नाही. अशा नियमाला सर्वांत कडक छाननी लागू होईल: अत्यंत निकडीचं सार्वजनिक कारण दाखवा, आणि नियम त्या कारणापुरताच बेतलेला आहे हेही दाखवा. एलेना केगन यांनी निकाल मान्य करूनही बजावलं की अशाने गावोगावचे निरुपद्रवी नियम धोक्यात येतील.

ते आलेच. स्प्रिंगफील्डच्या त्याच न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१५ मध्ये आपलाच निकाल फिरवला. ‘आत्ता द्या’ आणि ‘नंतर पाठवा’ यांतला फरक शब्दांच्या अर्थातच आहे, आणि पोलिसाला ऐकूनच दंड करावा लागणार, मग हा मजकुरावरचा नियम नाही तर काय? वूस्टरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने परत पाठवलं आणि नोव्हेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने शहराचा नियम मोडीत काढला. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनचा नियम गेला. पुढच्या वर्षी फ्लोरिडातल्या टँपाचा.

या मालिकेतला लॉवेलचा निकाल मला सगळ्यांत बोलका वाटतो. जुन्या कापड गिरण्यांचं हे शहर वूस्टरच्याच राज्यातलं, गिरण्या बंद पडल्यावर ऐतिहासिक वारसा आणि पर्यटन यांवर उभं राहू पाहणारं. ऐतिहासिक भागात भीक नको आणि बाकी शहरात दमदाटीची भीक नको, असा त्याचा दुहेरी नियम होता. पहिला भाग कोर्टाने सहज उडवला: पर्यटकाला बरं वाटावं म्हणून गरिबाचं तोंड बंद करता येत नाही. दुसऱ्या भागाबद्दल मात्र सामान्य वाचक चक्रावेल. दमदाटीवरची बंदीसुद्धा गेली! धमकी देणं, अंगावर जाणं, वाट अडवणं हे गुन्हे आधीपासून कायद्यात आहेत. ते सगळ्यांना लागू आहेत. शहराने त्यातून फक्त पैसे मागणाऱ्याला वेगळं काढलं. समजा एक जण ‘या अर्जावर सही करा’ म्हणत तुमच्यामागे पन्नास पावलं आला आणि दुसरा ‘एक डॉलर द्या’ म्हणत तितकाच आला. भीती दोघांचीही सारखीच वाटेल. दुसऱ्याला दंड आणि पहिल्याला नमस्कार, असं करायचं असेल तर कारण पाठलागात नसून वाक्यात आहे. शहर पाठलागाला शिक्षा करतंय असं म्हणत खरं म्हणजे वाक्याला करतंय.

इथे कोर्ट भिकेची तरफदारी करतंय असं वाटतं, पण तसं नाही. भीक बरी की वाईट, पैसे द्यावेत की नाही, दिलेले दारूत जातात का, यांतलं काहीच ते विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो: तुम्हाला नेमकं काय थांबवायचंय? हात धरणं थांबवायचं असेल तर हात धरण्याविरुद्ध लिहा, कोणीही धरला तरी.

शहरांची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. रात्री अकराला एकट्या बाईने एटीएममधून नोटा काढाव्यात आणि वळल्यावर दोन फुटांवर अनोळखी पुरुष ‘काही मिळेल का’ म्हणत उभा असावा, तर त्याच्या आवाजात कितीही नम्रता असली तरी तिच्या छातीत धस्स होणारच. तो विनंती करतोय, पण ती जागा, ती वेळ, तिच्या हातातले पैसे हे सगळं मिळून विनंतीला धमकीचं वजन देतं. दुकानदारांची तक्रारही खोटी नसते, दारात रोज तोच माणूस दिसला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. आणि मार्च १९८२ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मांडलेला ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत नगरपालिकांनी मनावर घेतला होता: लहानसहान बेशिस्त खपवून घेतली की मोठी येते. भिकारी त्यात आपसूक फुटकी खिडकी ठरला.

पण एटीएमजवळच्या त्या बाईला खरंच वाचवायचं असेल तर एटीएमपाशी विनाकारण कुणीच रेंगाळू नये, असा नियम करता येतो. मग पत्रकवाला, विमा एजंट, टवाळ पोरं सगळेच आले. शहरं बहुधा तसं करत नाहीत, कारण मतदारांची तक्रार टवाळ पोरांबद्दल नसते, ती भिकाऱ्याबद्दल असते. या नियमांवर माझा संशय आहे तो इथे. वरची दोन कलमं खऱ्या दमदाटीची असतात, आणि त्यांच्या आडोशाने खालची दहा कलमं गरिबी नजरेआड करण्याची.

कोर्टात हरलेली शहरं मग दुभाजकाकडे वळली. इथे मजकुराचा प्रश्नच येत नाही, कारण नियम कुणालाच उभं राहू देत नाही, भिकाऱ्याला नाही आणि उमेदवारालाही नाही. अशा नियमाला मधली, थोडी सैल कसोटी लागते, पण तीही फुकटात पार होत नाही. मेन राज्यातल्या पोर्टलंडने २०१३ मध्ये शहरातल्या झाडून सगळ्या दुभाजकांवर बंदी घातली. २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की धोका दाखवलात तो मोजक्या दुभाजकांचा, आणि बंद केलेत सगळेच, त्यांत बागेसारखे रुंदही आले. युटातल्या सँडी सिटीने हेच जास्त डोकं लावून केलं. ३६ इंचांपेक्षा अरुंद किंवा फरसबंदी नसलेला दुभाजक असेल तरच बंदी. २०१९ मध्ये तो नियम टिकला.

मॅसॅच्युसेट्सच्या एका जुन्या कायद्याने तर गंमतच केली होती. चालत्या किंवा थांबलेल्या गाडीला हात करून पैसे मागायला बंदी, पण वर्तमानपत्र विकणाऱ्याला सूट, आणि परवानगी काढलेल्या धर्मादाय संस्थेलाही सूट. म्हणजे त्याच चौकात, त्याच सिग्नलला, एकाने डबा वाजवला तर पुण्यकर्म आणि दुसऱ्याने पुठ्ठा धरला तर गुन्हा. वाहतुकीचा धोका डबा कुणाच्या हातात आहे ते बघून कमीजास्त होत नाही. फॉल रिव्हर शहरातल्या बेघरांवर या कायद्याखाली खटले भरले गेले, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

२०१५ ची कसोटी आता थोडी ढिली झाली आहे. एप्रिल २०२२ मध्ये टेक्ससच्या ऑस्टिन शहरातल्या जाहिरात फलकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की पाटी वाचावी लागते एवढ्यावरून नियम मजकुरावरचा ठरत नाही. बहुमताचं निकालपत्र सोनिया सोटोमायॉर यांचं. त्यांनी पैसे मागण्याच्या नियमांचे जुने दाखले मुद्दाम पुढे आणले, १९४० चा प्रचारकांचा खटला आणि मिनेसोटाच्या जत्रेतला कृष्णभक्तांचाही. थॉमस अर्थातच विरोधात होते. शहरांच्या वकिलांना यात एक फट दिसते, बेघरांच्या वकिलांना वाटतं की फलक वेगळा आणि माणूस वेगळा.

त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावाचा निकाल आला. सार्वजनिक जागी मुक्काम ठोकून झोपणाऱ्याला दंड करणं ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा नाही, असं सहा न्यायाधीशांनी ठरवलं. तो खटला आठव्या घटनादुरुस्तीचा होता, पहिलीचा नव्हता, त्यामुळे पदपथावर पाटी धरण्याच्या हक्काला त्याने धक्का लावला नाही. आज एखाद्या गावात बेघर माणसाला ‘मला घर नाही’ असं दिवसभर सांगता येतं, पण रात्री त्याच गावात पांघरूण अंथरलं तर दंड होऊ शकतो. भाषणस्वातंत्र्याचा कायदा एवढंच देऊ शकतो, आणि त्याच्याकडून जास्त मिळत नाही ही त्या कायद्याची चूक नाही.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीने दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या. २०१५ मध्ये तिथले महापौर रिचर्ड बेरी यांनी एक व्हॅन सुरू केली. ती चौकाचौकांत जाऊन पाटी धरलेल्या लोकांना विचारायची, आज काम करणार का? शहरातला कचरा आणि तण काढायचं, तासाला ९ डॉलर, दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी गाठ घालून द्यायची. इतर शहरांनी त्याची नक्कल केली. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच शहराने सहा फुटांहून अरुंद दुभाजकांवर आणि महामार्गाच्या उतारांपाशी उभं राहायला बंदी केली, शिवाय पायी माणसाने गाडीतल्या माणसाकडून काही घेणं किंवा त्याला देणंही बंद केलं. कारण अपघातांचं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला: पायी माणसं मरतात हे खरं, पण ती दुभाजकावर शांत उभी राहिल्याने किंवा खिडकीतून नोट घेतल्याने मरतात याचा पुरावा शहराला देता आला नाही, आणि कमी बंधनाचे उपाय आधी करून पाहिले होते असंही दाखवता आलं नाही.